चवथीची हवा

सुमंगला पहाटे उठून लोकांच्या चाकांतली हवा काढते, ही बातमी गोव्यातल्या मये गावभर पसरायला एक सकाळ पुरली. धंदा वाढवायला करते म्हणे. आधी हवा काढायची, मग तीच भरायची. ऐकणाऱ्यांनी कानाला हात लावले आणि पुढच्या घरी सांगायला गेले.

हवा काढली हे खरं. पण तिनेच भरलेली काढली, एवढं सांगायचं राहून गेलं.

सुमंगलाचं टायरांचं दुकान तळ्याच्या वळणावर. तिचा नवरा शंकर कोल्हापूरहून खाणीच्या ट्रकांचे टायर करायला आला होता. खाणी थांबल्या, तो कारखान्यात लागला, दुकान मागे राहिलं ते हिच्या हातात. हवा मोजायचं मीटर ती मंगळसूत्रासारखंच गळ्यात घालून फिरते. कुठे लग्नाला गेली तरी बाहेर उभ्या गाड्यांच्या चाकांकडे आधी बघते, नवरीकडे मग.

चवथीला तिच्या दारात रांग लागते. मूळ घरी जायचं, गाडीत पाच माणसं, गणपतीच्या डोक्यावरच्या माटोळीला बांधायचे नारळ, भोपळे, केळीचा अख्खा घड. अशा भरल्या गाडीला हवा जास्त लागते, ती सुमंगला बरोब्बर भरते आणि प्रत्येकाला बजावते, “परत आल्यावर सकाळी थंड चाकांनी या, जास्तीची काढून देते.” सगळे मान डोलावतात. येत कोणीच नाही. भरलेली हवा काढून घ्यायला कोण येणार? फुकट मिळालेलं परत केल्यासारखं वाटतं.

शेजारचे यशवंतभाऊ, निवृत्त कारकून, तेही आले नाहीत. महिनाभर गाडी दगडासारखी उडत होती आणि भाऊ रस्त्याला शिव्या घालत होते. शेवटी त्यांची बायको, पद्मावतीवहिनी, कंबर धरून सुमंगलाकडे आल्या. “त्यांना सांगू नको गो. गाडीला कोणी हात लावलेला त्यांना खपत नाही. उद्या पहाटे येऊन काढ.” आणि स्वतः दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने माहेरी पेडण्याला गेल्या.

पहाटे सुमंगला भाऊंच्या अंगणात चाकाशी बसली. समोरच्या अंगणात फुलं काढणाऱ्या क्षमाने फुस्स ऐकलं. पुढचं मये गावाने केलं.

तीन दिवस दुकानावर कोणी फिरकलं नाही. गाड्या समोरून डिचोलीच्या पंपाकडे जायच्या, काचा वर करून. वहिनींचं नाव घेतलं असतं तर तासात मिटलं असतं. पण सांगू नको म्हटलेलं. सुमंगला कंप्रेसर पुसत बसली. आणखी आठ दिवस असेच गेले तर तो विकायला काढावा लागणार, हे तिला दिसत होतं.

चौथ्या दिवशी वहिनी परतल्या, बस थांब्यावरच सगळं कळलं, आणि भाऊंना गाडीसकट दुकानावर घेऊन आल्या. अंतर पन्नास पावलांचं. बघायला माणसं जमली, त्यांत स्कूटर घेऊन क्षमाही.

“हवा काढलीस?” भाऊ गरजले.

“काढली.”

“मीच सांगितलं,” वहिनी म्हणाल्या.

भाऊ गडबडले. “अगो, पण आता गरज काय होती? रस्ता केला ना त्यांनी. चार दिवस झाले, गाडी कशी पाण्यावरून चालल्यासारखी चालते.”

सगळ्यांनी वळून रस्त्याकडे पाहिलं. खड्डे होते तिथेच होते.

सुमंगलाने भाऊंच्या गाडीचा दरवाजा उघडला. आतल्या कडेला कंपनीने चिकटवलेल्या चिठ्ठीवर मागच्या चाकांसाठी दोन आकडे: दोन माणसांना बत्तीस, भरल्या गाडीला चाळीस. मग मीटर लावून भाऊंनाच वाचायला लावलं.

“बत्तीस,” भाऊ पुटपुटले आणि चष्मा पुसू लागले.

क्षमाला मात्र राहवेना. “ते सगळं खरं गो. पण अशा कामाला पहाटे काळोखात कशाला जायचं?”

“चाक थंड असतं तेव्हाच आकडा खरा मिळतो, क्षमाबाय. तुझ्या घरच्या गाडीतही चवथीची हवा अजून तशीच आहे. उद्या पहाटे येते. बातमी आजच देऊन टाक, मला पुन्हा तीन दिवस बसून राहायला वेळ नाही.”