पहिलं पान रिकामं

आमच्या मामीसारखी बाई अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरी नाही, आणि नाही हे जिल्ह्यातल्या समस्त वरपक्षांचं नशीब. गोदावरीला पूर आला की लोक काठापासून लांब सरकतात. मामी मांडवात शिरली की नवऱ्यामुलाकडचे. तिची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात गेली. तिथल्या यंत्रांच्या घरघरीवर मात करता करता तिचा आवाज असा तयार झाला, की ती पंचवटीत कुजबुजली तर द्वारकेच्या चौकातले अडकलेले ट्रक आपण होऊन बाजूला होतात. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. निदान कानांनी तरी.

निवृत्त झाल्यावर लोक गुडघे धरून बसतात, मामीने पुस्तकं धरली. बायकांच्या इतिहासाची जाडजाड पुस्तकं. कुठल्या शतकात बायकांना शिकायला बंदी होती, कुणाला कोंडलं, कुणाचे केस उतरवले, सगळं तिला तोंडपाठ. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला इतर बायका प्लॅस्टिकचे डबे वाण म्हणून देत. मामी पुस्तकं देई, आणि पुढच्या संक्रांतीला दारातच तोंडी परीक्षा घेई. नापास बाईला तिळगूळ मिळे, पण अर्धा. विधवा बायकांना ती सगळ्यांआधी कुंकू लावी. याला कॉलनीतल्या एका काकांनी हरकत घेतली, तर मामीने त्यांनाच पाटावर बसवून दीड तास इतिहास ऐकवला. काका अजून रस्त्यात मामी दिसली की चपला हातात घेऊन पळतात.

तिचा खरा राग मात्र एका ताटावर. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने मुलीचं नवं नाव लिहितात ना, ते ताट. माझ्या चुलतभावाच्या लग्नात मामीने ते ताट उचललं आणि थेट आचाऱ्याच्या पातेल्यात रिकामं केलं. वरबाप ओरडला, "अहो बाई, सुनेचं नाव होतं त्यात!"

"तिच्या आईबापांनी ठेवलेलं चांगलं चालू आहे," मामी म्हणाली. "हे जास्तीचं मसालेभातात घाला."

यातूनच तिच्या पुस्तकाने जन्म घेतला. आपल्या आणि मामाच्या घराण्यातल्या सगळ्या बायकांचं माहेरचं नाव, सासरचं नाव आणि खाली प्रत्येकीची हकिगत. चार वर्षं मामी गावोगाव हिंडली. म्हाताऱ्यांना बोलतं केलं, बोलत नव्हत्या त्यांना चिवडा खाऊ घालून बोलतं केलं. छापणारा तयार होता, पण पुस्तक अडलं पहिल्या पानावर. ते पान होतं माझ्या आजीचं, म्हणजे मामीच्या सासूचं. सासरचं नाव राधाबाई. माहेरचं? कुणालाच ठाऊक नाही.

मामाला विचारलं तर तो म्हणाला, "आईचं नाव आई." आजीच्या दोन भावांची मुलं म्हणाली, "आम्ही आत्या म्हणायचो." आजीला जाऊन पंधरा वर्षं झालेली.

"तेवीस वर्षं तिच्या हाताखाली पोळ्या लाटल्या," मामी मला म्हणाली. "रोज भांडले. आणि एकदाही विचारलं नाही रे. मी! तिचं पान रिकामं ठेवून मी कसलं पुस्तक छापू?"

आजीचं माहेर पारोळ्याकडचं. तिकडची माणसं गोदावरीवर आली की पंचवटीतल्या ठरलेल्या गुरुजींकडे उतरत, आणि गुरुजींच्या वहीत येणाऱ्याने स्वतःच्या हाताने घराण्याची नावं लिहायची, अशी पिढ्यान् पिढ्यांची रीत. एका सकाळी मामी माझ्या स्कूटरवर मागे बसली. अकरा गुरुजींची दारं वाजवल्यावर बारावे सापडले.

"बाई, ही वंशावळ आहे," गुरुजी म्हणाले. "यात मुलग्यांची नावं असतात. लेकीचं नाव कशाला कोण लिहील?"

"आणि हे मुलगे काय रामकुंडातून पोहत आले का, गुरुजी?"

गुरुजींनी मुकाट्याने लाल कापडातली वही सोडली. गाव सापडलं, आडनाव सापडलं, आजीच्या वडिलांचं नाव सापडलं. सुबक अक्षरात लिहिलं होतं, "सोबत पत्नी व दोन पुत्र." बस. मामीने डोळे मिटले. तिला गप्प बसलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं, आणि सांगतो, घाबरलो.

मग गुरुजीच म्हणाले, "थांबा. हे खाली काय आहे?"

पानाच्या अगदी तळाला, शाई सांडत, डोंगराएवढ्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं:

"मी पण आले आहे. चिमा."

आजीला बहीण नव्हती. त्या घरात मुलगी एकच.

मामीने जी आरोळी ठोकली, ती ऐकून भाजीबाजारातल्या कोथिंबिरीच्या जुड्या उभ्या राहिल्या, कबुतरं उडाली ती थेट सिन्नरला उतरली. तिने गुरुजींना पेढे भरवले, मला भरवले, एका अनोळखी रिक्षावाल्याला भरवले. "लिहिलंन्! कुणी लिहिलं नाही, तर स्वतः लिहिलंन्!" गुरुजींनी आपणहून पेन पुढे केलं. मामीने लगेच त्याच वहीत आजीच्या लेकी, नाती, सुना सगळ्या लिहिल्या. पुस्तक पंधरवड्यात छापून आलं. पहिल्या पानावर फक्त ती एक ओळ.

त्या दिवशी गुरुजींकडून परतताना मी म्हणालो, "पण मामी, आजी तर जन्मभर अंगठा उठवायची."

मला आठवलं, रेशनच्या कागदावर अंगठा उठवून झाला की आजी निळं बोट पदराला पुसायची नाही. किती तरी वेळ त्याच्याकडे बघत बसायची. आम्हाला वाटायचं, शाईची मजा वाटते म्हातारीला.

नदीपाशी मामीने स्कूटर थांबवायला लावली. जिला तेवीस वर्षं "अहो सासूबाई" म्हटलं, तिला तिने हाक मारली. द्वारकेपर्यंत पोहोचणारा तो आवाज माझ्यापर्यंतसुद्धा जेमतेम आला. अंगणातून खेळायला बोलवावं तशी म्हणाली, "चिमा, ये गं."