माईन म्हणजे खाण

माझा चुलता आधी चांद्याकडं कोळशाच्या खाणीत होता. सुरुंग लावायची माहिती होती, म्हणून फौजेनं त्याला जमिनीत पेरलेले सुरुंग काढायला घेतलं. लढाई संपली तरी ते काम उरलंच होतं. तो आला नाही. निलंग्याजवळच्या आमच्या गावात एक इंग्रजी कागद तेवढा आला, बहात्तरच्या ऐन दुष्काळात.

तलाठ्यानं तो चावडीत वाचला. "माईन म्हणजे खाण. खाणीत मेला."

"फौजेतला माणूस खाणीत कसा?" कुणीतरी विचारलं.

"पळाला असंल जुन्या कामावर," तलाठी म्हणाला.

झालं. पळालेल्या शिपायाच्या बायकोला पकडून नेतात, हेही चुलतीला कुणीतरी सांगितलं. त्या साली खडी फोडायच्या कामावर साहेबांच्या जीपा सारख्या यायच्या. धुरळा दिसला की ती हातोडा टाकून ढिगामागं दडायची.

"ऊठ गं, काम मोजायला आलेत, तुला न्यायला न्हाई," बाया हसायच्या. ती उठायची, पण जीप जाईस्तोवर तोंडावरचा पदर काढायची नाही. घरात आम्ही चुलत्याचं नाव घ्यायचं सोडलं. कागद तिनं कुणाला दाखवला नाही.

लातूर जिल्हा झाला तेव्हा मी कॉलेजात होते, मोर्च्यांची पत्रकं लिहीत होते. महिनाभर चुलतीच्या मागं लागून कागद घेतला. त्यात 'लँड माईन' होतं. तलाठ्यानं पहिला शब्द गिळला आणि एका बाईची दहा वर्षं खाल्ली. तो अजून आमच्याकडं येऊन चहा पितो.

"काकी, खाण न्हाई, सुरुंग. शत्रूनं पेरलेला."

"हिरीचा खडक फोडाया लावतेत तसला?"

"हाव."

सरकारी नोंद बदलून घ्यायला जायचं ठरलं, तसा तिनं कागद पदरात बांधला.

लातूरच्या नव्या कचेरीत दाराशी पोलीस दिसला आणि ती मागं फिरली. "निलंग्याची गाडी कधी हाय?" मी दंड धरून आत नेलं. कारकुनानं कागद वाचला, तलाठ्यानं नोंदवहीत लिहिलेलं 'खाणीत' खोडून 'सुरुंगाच्या स्फोटात' लिहिलं.

"अंगठा द्या, बाई."

"पळाला नव्हता, ते बी लिवा."

"त्याला रकाना नाही."

"मग अंगठा न्हाई."

"ताई, समजवा ना यांना," तो मला म्हणाला.

"रकाना पाडा," मी म्हटलं.

कुरकुरत त्यानं पट्टी घेऊन रेघ मारली आणि लिहिलं. मी ते मोठ्यानं वाचलं, दोनदा. मग तिनं अंगठा दिला.

"आता कुणी येणार न्हाई ना, साहेब?"

"कोण यायचंय?" तो म्हणाला.