तिचं नाव कुणी घेईना

आमची एकुलती एक मुलगी तापाने गेली, तेव्हा डहाणूतल्या आमच्या गल्लीने आम्हाला एकटं म्हणून सोडलं नाही. एकटं राहावंसं वाटलं असतं तरी जमलं नसतं. सुतकाच्या घरी चूल पेटवायची नाही, म्हणून डबे सुरू झाले. समोरच्या गुजराती काकींची खिचडी-कढी, ह्यांच्या रेल्वेतल्या सोबत्यांकडून पिठलं-भात. खाणारी माणसं दोन, आणि ओट्यावर भांडी लग्नघराची.

सांत्वनालाही तोटा नव्हता. चिकूला काय भाव मिळाला, अच्छाडच्या नाक्यावर ट्रक किती वेळ अडकले, तलासरीला कुणाची बदली झाली, सगळं माझ्यासमोर बसून बोलून व्हायचं. तिच्याबद्दल मात्र अवाक्षर नाही. मी विषय काढला की लगेच, "वहिनी, चहा घ्या ना थोडा." इतका चहा मी जन्मात प्यायले नव्हते. अहो, मला तिच्याबद्दलच बोलायचं होतं! कुणीतरी एकदा तिचं नाव घ्यावं म्हणून जीव तळमळत होता. घेतलं असतं तर काय जीभ झडली असती?

त्यातून शेजारणीच्या धाकटीचं नावही तेच. मला त्रास नको म्हणून गल्लीने परस्पर ठरवून टाकलं, आजपासून हिला बेबी म्हणायचं. पोरीला कुणी विचारलंच नव्हतं. बेबी म्हटलं की ती ढिम्म हलत नसे. मग तिची आई दारात उभी राहून हातवारे करायची, टाळ्या वाजवायची, आणि माझ्या खिडकीकडे बघून ओशाळं हसायची. माया खरी होती हो, पण डोकं फिरायची वेळ आली होती.

एका संध्याकाळी जेवायला बोलवायचं म्हणून शेजारणीचं "बेबी, ए बेबी" सुरू झालं. पोरगी आपली वाळूत खेळतेय. माझा संताप अनावर झाला. ओटीवर आले आणि बेंबीच्या देठापासून नाव घेऊन हाक मारली.

शेजारणीने तोंडाला पदर लावला.

"ओ! आले!" म्हणत पोरगी धावत सुटली ती थेट माझ्या दारात. "काय काकी?"

काम तर काहीच नव्हतं. माझे डोळे वाहत होते.

"काही नाही गं," मी म्हटलं. "जा, खेळ. मी परत हाक मारते, परत ओ दे."