दादाने मागून नेलेली साडी

राजनचा फोन आला तेव्हा मी कपिलेची धार काढत होते. "आते, बाबा गेले," एवढंच माझा भाचा बोलला आणि रडायला लागला. चहा पिता पिता खुर्चीतच मान टाकली म्हणे... फोन ठेवला आणि मी पुन्हा धारेला बसले. लोक म्हणतील, काय बाई आहे, सख्खा भाऊ गेला आणि हिला दूध सुचतंय! पण अर्धी पिळलेली गाय तशीच सोडायची नसते, हे मला शिकवणाराच गेला होता. बालदी भरली, कपिलेच्या अंगाला डोकं टेकलं आणि मग मात्र मोठमोठ्याने रडले. आज त्याला दीड महिना झाला.

आमचं माहेर पेडण्याकडचं. दादाने जन्मभर तुयेच्या कारखान्यात नोकरी केली, पण गावात लोक त्याला ओळखायचे ते कुत्र्यांसाठी. ज्याच्याकडे गाई-शेळ्या आणि घरात लहान मुलं, तो दादाला विचारल्याशिवाय पिल्लू आणायचा नाही. जिथे कुत्री व्यालेली असेल त्या घरी दादा आधी न कळवता जायचा. तासभर दगडावर गप्प बसायचा. मला नेलं की माझी चुळबुळ सुरू व्हायची. "बाये, पिलाक मागीर बघ, पयली तेची आवस बघ," तो म्हणायचा. "तिच्या नाकासमोरसून कोंबयो फिरतत काय? घरातली पोरां तिच्या अंगार पडतत काय?" आई धड असली की मग पिलांपाशी एखादी बालदी आपटायचा. जे पिल्लू दचकून पळतं आणि मग आपणहून वास घ्यायला परत येतं, ते कामाचं. कोपऱ्यातून बाहेरच न येणारं नको, आणि अजिबात न घाबरणारंही नको. शेवटी पिल्लू खात असताना त्याच्या थाळीत हात घालायचा. गुरगुरलं की उठून चालू लागायचा.

हे सगळं मला पाठ होतं, तरी मी शहाणपणा केलाच. बारा वर्षांपूर्वी आमचे हे गेले. सर्वणच्या या घरात मी, शाळेत जाणारी लेक आणि गोठा, एवढेच उरलो. साखळीला राहणाऱ्या नणंदेकडे देखणं पिल्लू होतं. वीस नखांचं, एरवी कुत्र्याला असतात अठरा! आमच्याकडे वीसनखी कुत्र्याचा केवढा रुबाब. त्याला बिबटा शिवत नाही, दारी अवदसा येत नाही. मी चारही पाय धरून नखं दोनदा मोजली आणि त्याला घेऊन आले. नाव ठेवलं वाघ्या. दादाने त्याला पाहिलं आणि म्हणाला, "नखां मोजलंस, पण नजर बघलंस काय? वासरू धावला की तेचे डोळे कशे जातत बघ." मला राग आला. घरात पुरुष नाही म्हणून मला काही कळत नाही, असंच ना? तसं बोलूनही दाखवलं.

आठ महिन्यांनी वाघ्याने शेळीचं करडू मारलं. लेक सोडवायला धावली तर तिच्या मनगटात दात रुतवले. दुसऱ्या दिवशी दादा टेम्पो घेऊन हजर. मला वाटलं, आता ऐकवील. त्याने ऐकवलं नाही. दोरी धरली आणि म्हणाला, "कुत्रो वायट नाय गो. घर चुकला तेचा." दादाच्या घरी ना गाय ना शेळी. त्याने वाघ्याला मरेपर्यंत सांभाळलं, रोज दोरीला धरून पोफळीच्या कुळागरात फिरवलं. आणि मला एक मातकट, पडक्या कानांचं ध्यान आणून दिलं. मी त्याला बावळ्याच म्हणायचे. त्या बावळ्याने अकरा वर्षं गोठा राखला. माझी नात त्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपायची. "दादा, तेव्हा माझं चुकलं," एवढं एक वाक्य मी या सगळ्या वर्षांत बोलले नाही. बोलू, बोलू... आता काय!

यंदा बावळ्या म्हातारपणाने गेला. आमचे हे गेल्यापासून दादा दर शनिवारी दोन बसगाड्या बदलून माझ्याकडे जेवायला यायचा. शेवटचा आला तेव्हा फाटकातूनच ओरडला, "बाये, पेज आसा मगो?" जेवताना म्हणाला, माहेरच्या वाड्यावरच्या शेवंतीची कुत्री व्याली आहे, पिलांचे डोळे नुकतेच उघडलेत. निघताना गोठ्यात नेसायची माझी जुनी साडी मागू लागला. मी खेकसले, "शेणाने भरलीय ती! लाज नाही वाटत, फडकी गोळा करत फिरतोस ते?" तो हसला आणि साडी पिशवीत कोंबून बशीला गेला. मी त्याच्याशी समोरासमोर बोलले ते हे शेवटचं. पुढचे दोन शनिवार पाय सुजले म्हणून आला नाही.

दिवसकार्य आटोपलं आणि मी शेवंतीकडे गेले. पडवीत कुत्री पिलांना घेऊन निजली होती आणि तिच्याखाली माझी साडी होती. शेवंती म्हणाली, "तुमचे दादा रोज येयत. पाय सुजलेले तरी. ह्या दगडार बसत. साडी तेंनीच घातली, म्हणाले, पिलांक बायेच्या गोठ्याचो वास लागांदे." मी विचारलं, त्याने कुठलं पिल्लू धरून ठेवायला सांगितलंय? ती म्हणाली, "मी इचारलंय तेंका. म्हणाले, मी कशाक सांगू? माझी बाय येतली आणि ती निवडतली. तिका माझ्यापरास बरा कळता."

मी त्या दगडावर बसले. तासभर बसले, पण पहिला अर्धा तास मला कुत्री दिसतच नव्हती, डोळे पुसून पुसून पदर भिजला. मग शेवंतीची बालदी आपटली. एक तांबूस पिल्लू पळालं, थांबलं, परत येऊन बालदी हुंगू लागलं. त्याच्या वाटेत कोंबडी आली तर ते तिला वळसा घालून गेलं. नखं मी मोजली नाहीत. साडीसकट त्याला घेऊन आले, दोरीला धरून कपिलेसमोर उभं केलं आणि तिला मन भरेस्तोवर हुंगू दिलं.

साडी मी धुतलेली नाही. ती गोठ्याच्या दारात आहे, तिच्यावर पिल्लू झोपतं. दादाच्या अंगाचा वास ओळखणारं या घरात आता माझ्याखेरीज तेवढं एकच आहे. शनिवारी पेजेला अजून मूठभर तांदूळ जास्त पडतात. दुपारी बशीचा हॉर्न ऐकला की मी फाटकाकडे बघते, आणि मग ती उरलेली पेज पिल्लाच्या थाळीत ओतते. ते खायला लागलं की दादासारखा थाळीत हात घालते. ते गुरगुरत नाही. जरासं बाजूला सरकतं आणि मला जागा करून देतं.