बिनविरोध निवड

समाजकार्याची पदवी हातात पडल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे खोटं बोलले.

तसं ते अगदीच खोटं नव्हतं. पेठ तालुक्यात लहान मुलांच्या पोषणाचं काम करणाऱ्या एका संस्थेत मी मुलाखत दिली होती. त्याआधी सहा महिने घरी बसून झाले होते, नऊ ठिकाणी अर्ज करून झाले होते, आणि "एमएसडब्ल्यू म्हणजे नक्की काय गं? नर्सिंगसारखं का?" या प्रश्नाला नात्यातल्या प्रत्येकाला उत्तर देऊन झालं होतं. मुलाखत घेणाऱ्या देवयानी मॅडम शेवटी म्हणाल्या, "ठीक आहे शीतल, आम्ही कळवतो." घरी आले तर आई दारातच उभी.

"काय झालं?"

तिचा चेहरा बघून माझ्यानं खरं बोलवेना. "झालंच समज जवळपास," मी म्हटलं.

आईनं लगेच ओझरच्या मामाला फोन लावला. फोनवर 'समज' गळालं, 'जवळपास' गळालं. उरलं फक्त 'झालं'!

माझा मामा ओझरच्या विमान कारखान्यात कामाला. तिथे तो केसाएवढी चूक चालू देत नाही. पण हा सगळा काटेकोरपणा तो गेटवरच जमा करून घरी येत असावा. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पप्पांचा डबा घेऊन पंचवटीत गेले. (आमचा मळा मखमलाबादला, आणि भाजीबाजारात पप्पांचं फुलांचं दुकान.) वळणावर आले आणि स्कूटीचा ब्रेक आपोआप दाबला गेला. चौकात मीच उभी होते! दहा बाय आठ फूट!

"कार्यसम्राज्ञी शीतलताई यांची समाजसेविका पदी बिनविरोध निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!"

फोटो चुलतभावाच्या लग्नातला होता, त्यामुळे मी जिलेबी खात होते. खाली नमस्कारासाठी जोडलेले हात मात्र माझे नव्हते. त्यांच्यावर भरघोस केस होते आणि मनगटात जाडजूड स्टीलचं घड्याळ. त्याखाली शुभेच्छुक म्हणून मामा, मामाच्या शिफ्टमधले अकरा जण आणि मिशीला कलप लावलेले पप्पा. सगळ्यात खाली माझा मोबाइल नंबर.

मी मामाला फोन लावला. "मामा, हे काय केलंस?"

"आवडलं ना?"

"अरे, नोकरीय ती! निवडणूक नाही!"

"अगं, डिझाइनवाल्याकडे तयारच होतं. नाव आणि तोंड तेवढं बदललं. अख्ख्या शिफ्टला पेढे वाटले मी. आपल्या घरात पहिलीच पोरगी साहेब झाली!"

खरं सांगायची हीच वेळ होती. मी घसा खाकरला, मन घट्ट केलं आणि म्हटलं, "फोटो छान आलाय."

दुसऱ्या दिवसापासून लोक यायला लागले. एकाची गटार तुंबली होती. एकाच्या शेजाऱ्याचा कुत्रा रात्रभर भुंकत होता. पांढऱ्या कपड्यांतले दोघे बुलेटवरून आले आणि खाजगी आवाजात म्हणाले, "ताई, कोणत्या पक्षाकडून ते फक्त सांगा. बाकीचं आम्ही बघतो." पप्पांनी अंगणात सहा प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. कोणी आलं की ते म्हणायचे, "बसा, ताई आंघोळीला गेल्यात." मला! जन्मापासून 'ए शितले' म्हणणारा माणूस!

सांगायला लाज वाटते, पण चौथ्या दिवशी मला हे सगळं आवडायला लागलं. मी कडक इस्त्रीची ओढणी घेऊन बाहेर यायला लागले. "बघते मी", "बोलते मी", "होऊन जाईल", एवढ्या तीन वाक्यांत समाजकार्य उरकायला लागले. दोन वर्षं आम्हाला कॉलेजात एकच शिकवलं होतं : आधी माणसाचं नीट ऐकून घ्या.

याच दिवसांत मुमताज आपा आल्या. जुन्या नाशकात राहून साड्यांना फॉल-पिको करणाऱ्या. नवरा जाऊन वर्ष झालं होतं आणि निराधार पेन्शनचा अर्ज अडकला होता. त्यांनी पिशवीतून कागद काढले. मी वरचा एक कागद बघितला, तोही उलटा.

"सोमवारी कचेरीत जा आपा, होऊन जाईल."

"पक्कं ना बेटा?"

"माझं नाव सांगा!" मी म्हटलं. हे वाक्य नक्की कुठल्या तोंडानं बोलले, ते मला आजही कळलेलं नाही.

मंगळवारी मी खरोखरच आंघोळीला गेले होते. बाहेरून पप्पांचा आवाज आला, "ताईंची वेळ घेतलीय का? मग नंबरानं बसा." केसांना टॉवेल गुंडाळून मी बाहेर आले. पहिल्या खुर्चीवर मुमताज आपा होत्या. त्यांच्या शेजारी कोणीतरी बाई वाकून त्यांचं बोलणं ऐकत होती.

मी त्या बाईंकडे न बघताच हात पुढे केला. "अर्ज आणलाय का?"

"आणलाय," त्या म्हणाल्या. "तुमचाच आहे."

देवयानी मॅडम! पेठला मुक्कामी राहावं लागणार, म्हणून त्या घरच्यांशी बोलायला स्वतः आल्या होत्या. बाजारात पत्ता विचारला, तर सगळ्या बाजारानं एकसाथ फ्लेक्सकडे बोट दाखवलं होतं.

"बिनविरोध निवड झाली म्हणे तुमची?" मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आमच्याकडे तर अजून अकरा उमेदवार आहेत."

आई चहाचा ट्रे घेऊन आली होती. ती तशीच थांबली. पप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग सहा खुर्च्यांकडे.

"नोकरी अजून... लागलेली नाही," मी म्हटलं. "जवळपास लागलीय म्हणाले होते. तेही मीच म्हणाले होते."

"आणि यांचं काय?" मॅडमनी आपांकडे बघितलं. "काल कचेरीत दिवसभर उभ्या होत्या या. तुमचं नाव सांगितलं तर तिथली माणसं हसली म्हणे. एक दिवसाचं काम बुडालं यांचं."

आपा घाईघाईनं म्हणाल्या, "जाऊ द्या ना मॅडम. पोरगी लहान आहे."

त्या रागावल्या असत्या तर मी सहन केलं असतं. पण त्या माझी बाजू घेत होत्या! मी टॉवेल गुंडाळलेल्या डोक्यानं तिथेच जमिनीवर बसले आणि त्यांचे कागद पहिल्यांदा नीट, सुलटे वाचले. उत्पन्नाचा दाखलाच जोडलेला नव्हता. वाचायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

मॅडम चहा पिऊन उठल्या. म्हणाल्या, "आम्ही कळवतो." या वेळी मी घरी एक शब्दही वाढवून सांगितला नाही. (दोन महिन्यांनी त्यांनी मला घेतलं, कारण पहिली निवडलेली मुलगी पेठहून आठवड्यात परत आली. पण तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं.) पप्पांनी संध्याकाळी फ्लेक्स उतरवला आणि झेंडूचे क्रेट झाकायला नेला. फक्त "शितले, खुर्च्या आत घे," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी आपांबरोबर दाखल्यासाठी कचेरीत गेले. दीड तास एका रांगेत ताठ मानेनं उभी राहिले. मग आपांनी हळूच माझी ओढणी ओढली. "बेटा, ही रांग जमिनीच्या उताऱ्याची आहे."

दुसऱ्या रांगेत गेलो. दुपार झाली. आपांनी डब्यातली अर्धी पोळी मला दिली आणि विचारलं,

"म्हणजे तुला नोकरी नाहीच ना?"

"नाही आपा."

"इतकी शिकलीस, आणि घरी बसून? अरेरे!" त्यांनी विचार केला. "माझ्या ओळखीत एक टेलर आहे. मुलगी पाहिजे त्यांना. मी शब्द टाकते. काज-बटन करता येतं तुला?"

सहा महिन्यांत पहिल्यांदाच माझ्यासाठी कुणीतरी मनापासून समाजकार्य करत होतं. मी मान खाली घातली आणि सांगितलं, "नाही येत."

"मग कसं गं व्हायचं तुझं?" असं म्हणून आपांनी उरलेली पोळीही मलाच दिली.