तेल दिलेली बंदूक
श्राद्धाचे वडे करडईच्या तेलात पडले की मला आमच्या ठासणीच्या बंदुकीचा वास येतो. निजामाच्या अखेरच्या उन्हाळ्यात पेडगावजवळच्या आमच्या गावात हुकूम आला की परवान्याच्या बंदुका चौकीत जमा करा. उर्दूतला तो कागद मीच वडिलांना वाचून दाखवला आणि कायदा पाळावा, असंही शहाणपणानं सांगितलं. चुलते उसळले. "दादा, चोराच्याच हाती देयलाव? चौकीवाले अन् लुटारू एकच हायेत. उद्या ते घरात घुसले तर काय ह्या पोराचं कायद्याचं पुस्तक दाखवायचं?" "ह्या बंदुकीनं कधी साधं डुक्कर तरी मेलं का?" वडील म्हणाले. खरंच होतं, दहादा चाप ओढावा तेव्हा कुठं एकदा बार उडायचा. तरी गंजकी वस्तू सरकारात देणं वडिलांना कमीपणाचं वाटलं. त्यांनी सांगितलं म्हणून मी दिवसभर ओसरीवर बसून नळी घासली, ठिणगी आत जायचं बत्तीचं भोक सुईनं मोकळं केलं, करडईचं तेल दिलं. "नवरीगत नटवायलास की रं," चुलते थुंकून म्हणाले. महिन्याभरानं भर दुपारी एक हत्यारबंद टोळी गाव लुटायला आली. पुढच्या माणसाच्या हातात, तांब्याच्या तारेनं दस्ता बांधलेली, आमचीच बंदूक होती. चुलत्यांनी ती ओळखली आणि ते मोठ्यानं हसले. "अरे, भिऊ नका, ती उडत न्हाई!" असं ओरडत ते काठी घेऊन सरळ तिच्यासमोर गेले. पहिल्याच चापाला बार उडाला. चौकीची पावती अजून माझ्या पेटीत आहे. तिच्यावर सुरेख उर्दूत लिहिलं आहे: बंदूक एक, हालत उमदा.