चमचाभर कूट

नऊ वर्षे मी एक गोष्ट लपवली. मुलीच्या दुधीच्या भाजीत शेंगदाण्याचे कूट मीच घातले होते.

तेव्हा ती दहा वर्षांची होती. शेंगदाण्याने तिचे ओठ सुजतात, त्याची ॲलर्जी आहे, हे डॉक्टरांनी सांगून झाले होते. परंतु मावळात जन्मलेल्या मुलीला कूट बाधते, हे मला पटत नव्हते. मी कान्ह्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. प्रयोगापूर्वी सुरक्षिततेचा विचार करा, असे मुलांना बजावतो. घरी मात्र पत्नीची पाठ वळताच मी भाजीत कूट ढवळले आणि निरीक्षणासाठी मुलीसमोर बसलो. तिसऱ्या घासाला तिचा श्वास अडकला. लोणावळ्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत माझ्यातला वैज्ञानिक देवाचा धावा करत होता.

मुलगी वाचली. पत्नी म्हणाली, "माझंच चुकलं. कुटाचा चमचा भाजीला लागला असणार." मी गप्प राहिलो. पुढे चिक्कीच्या दुकानांवरून जाताना गाडीच्या काचा मी इतक्या तत्परतेने वर करू लागलो, की पाहुण्यांना मी आदर्श पिता वाटे. त्यांचा हा गैरसमजही मी दूर केला नाही.

यंदा पुण्यात एका नव्या उपचाराची चाचणी सुरू झाली. शेंगदाण्याची पूड कणाकणाने, रोज पोटात द्यायची आणि मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायची. मुलीला वसतिगृहात राहायला जायचे होते. तिथे प्रत्येक घासाला भीत जगायची तिची तयारी नव्हती.

"श्वास अडकला त्या वेळी किती खाल्लं होतं?" चाचणीच्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना विचारले.

"खाल्लं कुठं? नुसता खरकटा चमचा लागला होता," पत्नी म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "एवढ्याशानं श्वास अडकला असेल, तर हिला चाचणीत घेणं धोक्याचं आहे."

"आई, तुझा तो चमचा मला जन्मभर पुरणार बघ!" मुलगी चिडून म्हणाली. पत्नीने मान खाली घातली.

"चांगलं चमचाभर होतं," मी म्हणालो.

"तुम्हाला काय माहीत?" पत्नीने विचारले.

"मीच घातलं होतं. खरंच त्रास होतो का, ते बघायचं होतं."

डॉक्टरांनी पुन्हा पेन उचलले. "एवढं पोटात गेलं असेल, तर चाचणीत घ्यायचं का ते तपासण्या करून ठरवू," एवढेच ते म्हणाले.

मुलगी माझ्याकडे पाहत राहिली. "बाबा, मी काय तुमच्या प्रयोगशाळेतला बेडूक होते?"

मी तिची क्षमा मागितली. मग पत्नीकडे वळलो. तिच्याकडे पाहणे अधिक अवघड होते.

"तुझी काहीच चूक नव्हती," मी म्हणालो. "माझी होती. मला माफ कर."